ज्ञानोबाला दिसलं नाही

मिहिर : मी नाही हलत. देवीचा मुखवटा काखेत घेऊन माझे सरदार फाकडे उभे आहेत आणि ते म्हणतात, आधी तुझ्या ज्ञानोबानं पुढं जायचं.

सुदाम : दर बारीला म्याच का पुडं?

मिहिर : मशाल तुझ्या हातात, बांबू तुझ्या हातात. शिवाय सरदारांना ताप आहे.

मृण्मयी : ताप? खेळातलं भुयार मी बनवलंय, कागदावर, मिहिर. त्यातले रोगसुद्धा मीच ठरवते. मी कोणाला ताप दिलेला नाही.

मिहिर : कोळी चावल्यापासून आहे.

मृण्मयी : कोळी चावलाच नाही. तू त्याला बघून दोरीवरून पडलास.

सुदाम : ह्यो माजा तिसरा ज्ञानोबा हाय, ताई. पयला खड्ड्यात गेला. दुसऱ्याला ह्या सरदारानं मागनं ढकलला.

मिहिर : ढकलला नाही. धक्का लागला. गर्दी होती.

सुदाम : भुयारात कसली रं गर्दी?

मृण्मयी : पुरे आता. ऐका दोघं. काळ्या बारवेच्या खाली, शेवटच्या दालनात आहात. मुखवटा मिळालाय. तो घेऊन जिवंत बाहेर पडायचं, एवढंच उरलंय. मेलात तर मेलात, परत उठवायचं नाही. मशाल शेवटची. समोर एक लांब दगडी बोळ आहे. डावीकडं भिंतीला माणूस शिरेल एवढी फट, तिच्यातून वास येतोय. काय करता?

सुदाम : किती वाजले?

मृण्मयी : भुयारात वाजत नाहीत.

सुदाम : हितं, लातुरात. किल्लारीची यस्टी चुकंल माजी.

मिहिर : यस्टीला टाइम आहे अजून. आणि ती बॅग जरा बाजूला घे की. दारात मधोमध काय ठेवलीयस? येता-जाता पाय अडकतोय.

सुदाम : दार लागू नये म्हनून ठिवली.

मृण्मयी : नाही लागत दार. सुदाम, तू खरंच जाणार का रे? बाबांनी गच्चीला कुलूप घातलं, वर झोपता येत नाही, म्हणून कोणी क्लास सोडून जातं का? सीईटी तोंडावर आली. परवाच्या टेस्टला तू माझ्या पुढं होतास, आणि माझं तर हे दुसरं वर्ष आहे.

सुदाम : सरांचं कायबी चुकलं न्हाई. तिकडल्या हॉस्टेलच्या गच्चीवरनं पोरगं पडलं झोपंत, मंग कुलूप घालनारच की कोनीबी. सरांनी खोली दिली, ताटात वाडलं. आता खोलीत मला झोप लागत न्हाई, त्याला त्यांनी काय करावं?

मिहिर : अरे पण सगळेच झोपतात आत. आम्ही झोपतो की वरच्या मजल्यावर.

सुदाम : झोपा की. म्या कुटं न्हाई म्हनलं? म्या बी झोपून बगितलं परवा. सकाळपतोर ह्या दारात बसून व्हतो, पाय भायेर काडून. काल बी तेच. आज पेपरात समदे आकडे डोळ्याम्होरं नाचायलेत. आसं किती दिस चालनार? गावाकडं बरं हाय, पत्र्याचं शेड हाय. आई बी तितंच झोपती, आजून. सरकारनं घर दिलंय, कितीबी हालू द्या, पडनार न्हाई म्हनत्यात. त्यात आमी ज्वारीची पोती ठिवतो.

मृण्मयी : मग आत्ता कसा बसलायस? खेळायला लागलास की तू वर बघायचं विसरतोस. मी पाहिलंय.

सुदाम : दिवस हाय. दार उगडं हाय. आन् खेळताना जरा बरं वाटतं, ते खोटं कशाला बोलू? म्हनून तर म्हनलं, जायच्या आदी येक डाव पुरा करू. थांबा, पानी पिऊन येतो. घसा सुकला.

(सुदाम तांब्या घेऊन अंगणातल्या रांजणाकडे जातो.)

मृण्मयी : मिहिर, इकडं सरक. हळू बोल. तू डावीकडं जायचं म्हण.

मिहिर : त्या फटीत? वास येतोय म्हणालीस ना तू?

मृण्मयी : समोरच्या बोळाचं छत पडतं.

मिहिर : पडतं म्हणजे?

मृण्मयी : सापळा आहे. मधल्या फरशीवर पाय पडला की वरचे दगड खाली येतात. हा नकाशा मागच्या वर्षीचा, पुण्याचा दादा सुट्टीत हा खेळ घेऊन आला तेव्हाचा. तो म्हणाला, भुयार म्हटलं की एक तरी पडणारं छत हवंच. मी काढलं. हौसेनं काढलं, बाण-बिण दाखवून. तेव्हा सुदाम आपल्याकडं राहायलाच आला नव्हता रे. नंतर मला आठवलंच नाही. आत्ता बोळ म्हणाले आणि एकदम आठवलं.

मिहिर : मग खोड की. पेन्सिलनं तर काढलंयस.

मृण्मयी : खेळ सुरू झाला की नकाशा बदलायचा नाही.

मिहिर : कोण बघतंय?

मृण्मयी : मी बघतेय. भुयार आधीपासून तिथं आहे आणि तुम्ही त्यात चाललाय, ह्यातच सगळी मजा आहे. मी मनाला येईल तसं छत लावायला आणि काढायला लागले, तर तुम्ही डोकं कशाला चालवायचं? बसा मग माना डोलवत. आणि खोडलं तरी त्याला कळेल. माझ्या तोंडावरचं सगळं वाचतो तो.

मिहिर : मग फासा खोटा सांग. फिजिक्सच्या पुस्तकाआड टाकतेस. सहा पडला काय आणि एक पडला काय.

मृण्मयी : तेवढं सोपं असतं तर मला घाम फुटला असता का? हे बघ, तो छत तपासणार. मी फासा टाकणार. एक किंवा दोन पडला तर सापळा दिसतो. दोनच्या पुढं गेला की दिसत नाही. मग तो बिनधास्त आत जाणार आणि मला सांगावं लागणार, ज्ञानोबावर छत पडलं. सुदामला. ह्या खोलीत, माझ्या तोंडानं. मला भीती वाटतेय, मिहिर. तो उठून जाईल आणि परत येणारच नाही. ना खेळायला, ना शिकायला.

मिहिर : डावीकडं काय आहे?

मृण्मयी : प्रेतं. उठणारी.

मिहिर : किती?

मृण्मयी : पुष्कळ.

मिहिर : म्हणजे सरदार फाकडे मरणार.

मृण्मयी : बहुतेक.

मिहिर : ...मरू दे. ताप होताच त्यांना.

सुदाम : कोन मरायलंय?

मिहिर : कोणी नाही! ये, बस. ठरलं आपलं. सरदार डावीकडच्या फटीत शिरतात. तलवार उपसून. सगळ्यात पुढं.

सुदाम : सरदार? सोताहून?

मिहिर : ताप उतरला.

सुदाम : म्या तांब्याभर पानी आनोस्तोर एवडं शौर्य कुटनं आलं? ताई, काय बदललं?

मृण्मयी : नकाशा आहे तसाच आहे. आईशपथ.

सुदाम : नकाशा तसाच हाय. मंग तुमची तोंडं का बदलली? ...समोरच्या बोळात कायतरी हाय.

मृण्मयी : ते मी सांगू शकत नाही, तुला माहितेय. तू विचार, बघ, चाचपून पाहा. मग मी सांगते.

सुदाम : बरं. ज्ञानोबा बोळाच्या तोंडाशी थांबतो. आत पाय टाकत न्हाई. मशाल बांबूच्या टोकाला बांदतो, बांबू वर करतो, आन् छत बगतो.

मिहिर : छत कशाला? फरशी बघ ना. भिंती बघ.

सुदाम : म्या आदी छतच बगतो. कुटंबी गेलाव तरी. क्लासात बी. टाका फासा.

मृण्मयी : टाकते.

मिहिर : दोन! दोन पडला, मी पाहिलं!

मृण्मयी : पुस्तकाआड डोकावू नको, मिहिर. सरळ बस.

मिहिर : अगं पण—

मृण्मयी : सरळ बस म्हटलं ना. ...सुदाम, ज्ञानोबा मशाल वर धरतो. मोठमोठे काळे दगड, एकाला एक लागून. जळमटं लोंबतायत. बाकी... काही नाही.

सुदाम : काय म्हनलात?

मृण्मयी : काही नाही.

सुदाम : आसं म्हनू नगा.

मृण्मयी : कसं?

मिहिर : सुदाम? ए, काय झालं? ताई, ह्याचे हात बघ. बर्फ झालेत.

सुदाम : बॅग हाय न्हवं दारात?

मृण्मयी : आहे. दार सताड उघडं आहे. चल, अंगणात बसू आपण. खेळ जाऊ दे चुलीत.

सुदाम : न्हाई. भायेर गेलाव तर तसाच स्टँडवर जाईन म्या. थांबा जरा. दम घेऊ द्या. ...ताई, ते पुस्तक उचला. फासा बगू द्या मला.

मृण्मयी : तो बघायचा नसतो, सुदाम.

सुदाम : उचला.

मृण्मयी : ...घे. बघ.

सुदाम : पाच.

मृण्मयी : पाच. मिहिर उगाच दोन म्हणाला.

सुदाम : पाच पडल्यावर तुमी काय म्हनता?

मृण्मयी : काही नाही, असं म्हणते.

सुदाम : आन् छत धडधाकट आसलं, सापळा-बिपळा नसलाच, तर?

मृण्मयी : तेव्हाही तेच म्हणते. तसा नियमच आहे. खरंच नाही, की असून सापडलं नाही, हे खेळणाऱ्याला कळू द्यायचं नसतं.

सुदाम : दोन्हीला येकच शबूद.

मृण्मयी : हो. दादानं छापील कागद आणले होते, त्यात तसं होतं. मी सगळं मराठीत केलं, भुयारं नवी काढली, पण ह्याचा कधी विचारच केला नाही.

सुदाम : आमच्या दादानं बी तसंच म्हनलं.

मिहिर : तुला कुठं दादा आहे?

सुदाम : वडलांला दादा म्हनायचाव आमी. ...मोठा हादरा बसायच्या आदी, वरीसभर जमीन हालायची आमच्याकडं. भांडी वाजायची. समदं गाव भायेर झोपायचं, अंगनात, रानात. मंग लोकं कटाळली. थंडी, पाऊस, इच्चू-काटा. येकयेक घर आत गेलं. दादा काय आईकत नव्हता, हसायचे त्याला. मंग गनपती बुडवून आले त्या राती बुरबुर लागली व्हती, आन् मला खोकला. दादानं बॅटरी घेतली, घरात गेला. भिंती बगितल्या. मातीच्या माळवदाखालची लाकडं बगितली, येकयेक, हात लावून. म्या त्याच्या मागं मागं. मंग म्हनला, कायी न्हाई. चला आत.

मिहिर : सुदाम, नको सांगू. बास.

सुदाम : आई भायेरच ऱ्हायली, म्हशीपाशी. दादा, बबीआक्का आन् म्या आत झोपलाव. बबीआक्का गेली. दादा गेला. मला काडलं तवा दादा माज्यावर आडवा व्हता. हे समद्या गावाला ठावं हाय, घरोघर आसंच काय ना काय हाय. म्या कुनापाशी रडत बसत न्हाई. पर येक गोष्ट म्या धरून बसलाव. दादा खोटं बोलला. त्याला ठावं व्हतं, आन् माज्या खोकल्यापायी खोटं बोलला. तवापासनं कुनी कायी न्हाई म्हनलं की अंग थंड पडतं माजं. सर चांगल्या मनानं म्हनले, आत झोप रे, काही होत नाही. झालं. म्या बॅग भरली.

मृण्मयी : आणि आत्ता मीही तेच म्हटलं.

सुदाम : तुमी म्हनलात. पर तुमच्या म्होरं फासा व्हता. पाच.

मृण्मयी : म्हणजे?

सुदाम : दादाला बी पाचच पडले आसतील, ताई. बॅटरी व्हती त्याच्याकडं. हात लावून बगितलं त्यानं. खोटं कशाला बोलंल? त्याला दिसलं न्हाई. न्हाई येगळं, आन् दिसलं न्हाई येगळं. शबूद येकच वापरला त्यानं, तुमच्यावानी.

मिहिर : ताई, रडू नको ना. तू रडलीस की मला पण...

मृण्मयी : रडत नाही मी. मी नियम बदलतेय.

मिहिर : खेळ सुरू असताना?

मृण्मयी : नकाशा बदलत नाही. बोलणं बदलतेय. सुदाम, ह्यापुढं मी काही नाही असं म्हणणार नाही. कोणालाच. फासा पण ह्यापुढं उघड्यावर टाकेन, आत्ता तो पाचच धरू. तू परत विचार.

सुदाम : ज्ञानोबा छत बगतो.

मृण्मयी : ज्ञानोबानं छत बघितलं. मन लावून बघितलं. ह्या मशालीच्या उजेडात ज्ञानोबाला दिसलं नाही. आत जायचं की नाही, ते त्याचं त्यानं ठरवावं.

सुदाम : हां. मंग ज्ञानोबा आत जात न्हाई.

मिहिर : डावीकडं? सरदार तयार आहेत. मी खरं म्हणतोय.

सुदाम : तिकडं बी न्हाई. न दिसलेलं हाय का न्हाई, ते भायेर उभं ऱ्हाऊन बी बगता येतं. कोळ्याच्या दालनात दोर ऱ्हायला आपला, तो आनतो. मुखवटा ज्या चौथऱ्यावर व्हता, त्याचा येक दगूड सुटा हाय म्हनला व्हता तुमी. तो दोराला बांदतो. आन् बोळात फेकतो, मधोमध. काय न्हाई झालं तर वडून घेतो, परत फेकतो. आमी दोगं भायेर, भिंतीला चिकटून.

मिहिर : सरदार दोर धरतात. ज्ञानोबाच्या मागून. ढकलत नाहीत.

मृण्मयी : फेकलात. दगड फरशीवर आपटला, घरंगळला, थांबला. आवाज घुमतोय. वरून बारीक माती गळाली चिमूटभर.

सुदाम : वडतो. परत फेकतो, जरा लांब.

मृण्मयी : सुदाम...

सुदाम : फेकला म्या.

मृण्मयी : मधल्या फरशीवर पडला. फरशी खाली दबली.

मिहिर : ताई.

मृण्मयी : मी पुढचं नाही सांगितलं तर चालेल का? धरून चालू की ते होऊन गेलं. तुम्ही वाचलात, बाहेर आलात, मुखवटा मिळाला. संपला खेळ.

सुदाम : न्हाई. सांगा.

मृण्मयी : निघत नाही रे माझ्या तोंडातून.

सुदाम : मंग म्या सांगतो. आदी आवाज येतो. वरनं न्हाई, खालनं. ट्रक आल्यावानी. पर ट्रक निगून जातो, ह्यो जात न्हाई. मंग येक भांडं पडतं. मंग समदी. तवर मानूस नीट जागा बी झालेला नसतो. मंग माती. पडायच्या आदी माती गळती, बारीक, मीठ भुरभुरल्यावानी, तोंडावर. मानूस तोंड पुसतो. येवडाच येळ आसतो बगा, तोंड पुसायचा. मंग अंधार. डोळे उगडे आसले तरी अंधार. आन् गपगार. लोकांला वाटतं लई आरडाओरडा आसंल. न्हाई. खाली लई गपगार आसतं. म्या वाट बगत व्हतो, कुनीतरी बोलंल म्हनून.

मिहिर : दार उघडं आहे, सुदाम. मी बघितलं आत्ता. बॅग तिथंच आहे.

सुदाम : हां. ...ताई, आता तुमी बोला. बोळ पडला. धूळ बसली. खाली कोन हाय?

मृण्मयी : कोणी नाही.

सुदाम : दिसत न्हाई, का न्हाई?

मृण्मयी : नाही. हे मला माहीत आहे. हा बोळ मी काढलाय, आणि त्यात मी कोणालाच ठेवलं नव्हतं. तुम्ही दोघं बाहेर आहात, भिंतीला चिकटून. दगडांखाली एक दगड आहे, दोर बांधलेला. बस्स.

सुदाम : नक्की?

मृण्मयी : नक्की. पाहिजे तर नकाशा बघ.

सुदाम : नको. तुमी म्हनला ते बास झालं. ज्ञानोबा तितंच खाली बसतो.

मिहिर : सरदार पण बसतात. ताप नाही. भ्यालेत ते.

मृण्मयी : पाणी पी, सुदाम. ओठ बघ कसे झालेत.

सुदाम : ह्या छताचं काय?

मृण्मयी : कुठल्या?

सुदाम : ह्या. आपल्या डोस्क्यावरल्या.

मिहिर : ह्याला काही होत नाही रे, बाबांनी स्वतः उभं राहून—

मृण्मयी : थांब, मिहिर. मला विचारलंय त्यानं. ...हे घर माणिकप्पा म्हणून ठेकेदार होता, त्यानं बांधलं. मी पाचवीत होते. स्लॅबला सळ्या घातलेल्या मी पाहिल्यात, त्यांच्यावर उड्या मारल्या म्हणून आईचा मार खाल्लाय. बाबा क्लास सुटला की पाणी मारायला यायचे, तेही पाहिलंय. खांब भरले तेव्हा मी शाळेत होते. सिमेंट किती घातलं, कसं घातलं, मला माहीत नाही. बाबांनाही नसणार, ते केमिस्ट्री शिकवतात. इतकी वर्षं उभं आहे, एवढं माहीत आहे. आज रात्री उभं राहील का, हे मला माहीत नाही.

सुदाम : सरांनी आसं सांगितलं न्हाई.

मृण्मयी : त्यांना तुला धीर द्यायचा होता.

सुदाम : तुमाला भ्या वाटतं?

मृण्मयी : नव्हतं वाटत. एवढी वर्षं झोपतेय ह्या घरात, एकदाही मान वर करून बघितलं नाही. आता वाटतंय. खूप वाटतंय. आज मला झोप लागायची नाही, सुदाम.

मिहिर : मला पण नाही.

सुदाम : यस्टी लागली आसंल फलाटाला.

मृण्मयी : लागली असेल. तू म्हणालास तर मिहिर सायकलवर सोडेल स्टँडपर्यंत. मी थांब म्हणणार नाही. म्हणावंसं फार वाटतंय, पण उद्याचं मला काही सांगता येत नाही, मग कुठल्या तोंडानं म्हणू?

सुदाम : दोन राती डोळ्याला डोळा न्हाई.

मृण्मयी : दिसतंय.

सुदाम : झोप येती वो, ताई. न्हाई येत आसं न्हाई. लई येती. पर समदं घर निवांत घोरत आसतं, आन् वर बगायला म्या येकटाच. म्या झोपलाव तर कोन बगनार?

मिहिर : सुदाम, काढू का सायकल?

सुदाम : थांब जरा. ...ताई, म्या पडू का हितं घटकाभर? तू जागी ऱ्हाशील न्हवं?

मृण्मयी : जागी आहे मी. झोप.